रुमालाखालचा हात

माझ्याच उजव्या हाताने मला फसवलं आणि माझा हौश्या बैल विकून टाकला.

चकवा, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. एका शेळीपासून सुरुवात करून आज दावणीला बैल उभे आहेत ते स्वतःच्या डोक्याने. तरी हे लिहितो आहे.

आमच्या वाशीमकडे बैलबाजारात जुने लोक अजूनही भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. मान्य असेल तर समोरच्याची बोटं मुठीत घट्ट धरायची. धरली की शब्द दिला.

हौश्याला मी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. विकायचा नव्हताच. रिसोडच्या बाजारात त्याला न्यायचो ते फक्त भाव ऐकायला. भाव चढवायचा आणि ऐनवेळी हात काढून घ्यायचा, हा माझा शौक.

यंदा रिठदकडचे एक म्हातारे शेतकरी आले. निंबाखाली बसलो. त्यांनी हातांवर रुमाल टाकला. दुपारची वेळ. बाजाराचा गलका हळूहळू लांब गेला, विहिरीच्या तळातून यावा तसा... आणि माझ्या बोटांना एक करंगळी लागली. वाकडी. लहानपणी जुवाखाली चेंगरलेली, माझीच करंगळी — पण बाहेरून. दुसऱ्याला लागेल तशी. घट्टे, जुनी चीर, सगळं ओळखीचं. मी कोणाचा तरी हात धरून बसलो होतो आणि तो हात माझा होता. किती थकलाय हा, असं वाटून मला त्याची दया आली. तेवढ्यात त्याने मूठ मिटली.

रुमाल निघाला. सौदा पटला, म्हातारे म्हणाले. मी भडकलो, नाही नाही ते बोललो. शेजारी उभा असलेला दलाल हसला. "भाऊ, रुमालाखालचा शब्द फिरत नाई. तुमीच शिकवलं ना लोकायले?"

कासरा घेताना म्हातारे हळूच म्हणाले, "म्या तं हात काढून राह्यलो होतो. तुमचा हातच मले सोडत नवता."

घरी बायको म्हणाली, "बैल इकाले गेलते का हात इकाले?"

वाशीमच्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. दुखलं मलाच. हात तुमचाच आहे, म्हणाले.

मग दुखायला मी आणि सौदा करायला दुसरा? हौश्याचं दावं अजून रिकामं आहे. ज्याने कोणी ती मूठ मिटली, त्याने माझ्यासमोर यावं आणि सांगावं — काहून?