मागून डुलणारी चाल

कुठलंही जनावर समोर आलं, की आमचे शेजारी दलाल त्याच्या तोंडाकडे बघत नसत. वळसा घालून मागे जायचे, उकिडवे बसायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "चालवा त्याले." मोताळ्याच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माणसांनाही ते याच रीतीने पारखत. आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले, तेव्हा दलाल फाटकापाशी उभे राहून त्यांची पाठमोरी चाल बघत होते. मला म्हणाले, "टिकत नाही हे. उजवा पाय आखडते." हेडमास्तर दिवाळीच्या आत बदली करून घेऊन गेले, आणि तेव्हापासून आम्ही शिक्षक मंडळी दलालांसमोरून जाताना जरा ताठ चालू लागलो.

त्यांची नि माझी खोली एका भिंतीची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण तेवढी अमडापूरला दिलेली होती.

त्या साली बुलढाण्याच्या एका बंगल्यात विलायती कुत्रीला पिल्लं झाली. बंगल्यातला खानसामा त्यांच्या ओळखीचा. मलाही ते सोबत घेऊन गेले. पिल्लं राहिली बाजूला, त्यांनी आधी कुत्रीलाच अंगणातून चालवायला लावलं. ती मागच्या अंगाने झोके घेत, नाचणाऱ्या घोडीसारखी चालत गेली. दलाल खूश. खानसाम्याने एक सरळ पायांचं, दांडगं पिल्लू पुढे केलं, तर ते म्हणाले, "हे तं लाकडावानी चालते." ज्या दोन पिल्लांचं मागचं अंग आईसारखं डुलत होतं, तीच त्यांनी उचलली. एक स्वतःला, एक बहिणीला. बहिणीकडची राणी. यांनी आपल्याचं नाव बैलासारखं ठेवलं, सर्जा.

सर्जाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा आला. संध्याकाळी ते त्याच्या मागच्या पुठ्ठ्यांना तेल चोळत आणि भाकरी दुधात कुस्करून भरवत. रस्त्याने निघाले, की स्वतः दोन पावलं मागे राहत. "पाहा मास्तर, काय डुलते!" मला वाचनातून मान वर करून पाहावंच लागे. खरोखरच तो देखणा होता.

वर्षही झालं नव्हतं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की सर्जा दोन टप्प्यांत उठतो. आधी पुढचं अंग उचलतो, थांबतो, मग मागचं ओढतो. त्यांच्याही ते लक्षात आलं असणार, कारण त्या आठवड्यापासून ते त्याच्या पुढे चालू लागले. बाजारात एका हेड्याने, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याने, विचारलंच, "काहो दलाल, हे कुत्रं बसवून इकता का उभं करून?" सगळे हसले. एरवी असल्या बोलण्याला त्यांच्याकडे तिखट उत्तर तयार असे. त्या दिवशी त्यांनी सर्जाला उचललं आणि ते बाजार अर्धा टाकून घरी आले.

जुने गडी म्हणाले, डाग द्या. लंगड्या बैलाला तापल्या लोखंडाचा डाग देण्याची आपल्याकडे रीतच आहे. अशा कित्येक बैलांची शिंगं त्यांनी स्वतः दाबून धरली होती. त्यांनी विळा तापवलाही. मग तो पाण्यात बुडवल्याचा चर्र आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला. त्यानंतर त्यांच्या खोलीतून फक्त निर्गुडीच्या पाल्याचा वास येत राहिला. ते शेक देत होते.

शेवटी बुलढाण्याहून जनावरांचे डॉक्टर आले. सर्जाला उताणं करून त्यांनी मागचे पाय हळूहळू फाकवले. सर्जा ओरडला नाही, त्याने फक्त दलालांचा हात तोंडात धरला. डॉक्टर म्हणाले, खुब्याच्या सांध्याची वाटीच उथळ आहे, हाड तिच्यात बसत नाही, आता झिजलंय. हे आईबापांकडून येतं, याच्या भावंडांतही असेल, त्यांना पुढे पिल्लं होऊ देऊ नका. मग त्यांनी विचारलं, "याची आईही अशी डुलत चालायची का?"

"हाव," ते म्हणाले. "तेच पाहून तं आनला."

डॉक्टरांनी सर्जाचे पाय हलकेच खाली ठेवले.

उन्हाळा लागला तसं सर्जाला उठणंच होईना. डॉक्टर पुन्हा आले ते कायमचं झोपवायची सुई घेऊन. दलालांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचेपर्यंत ते त्याच्या कानात बाजारभाव सांगत होते. कुठली जोडी कितीला गेली, कोण घासाघीस करत होतं. त्याला त्यांच्या आवाजाची सवय होती, म्हणून.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीने अमडापूरला गेलो. सर्जा गेला आणि राणीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, हे बहिणीला कसं सांगायचं, ते वाटभर जुळवत होते. घरात पाय टाकल्याबरोबर सांगून टाकतो, म्हणाले.

बहिणीने आमचं बोलणं होऊच दिलं नाही. तिने राणीला हाक मारली. राणी परसातून आली ती मागचे दोन्ही पाय जोडून, टुणटुण उड्या मारत.

"पाह्य दादा, कशी सशावानी येते! साऱ्या गल्लीले हसवते माय," बहीण म्हणाली. "हिचं पिल्लू पायजे म्हनून आत्ताच चार घरचे लोक सांगून गेले."

राणीने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. त्यांनी तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

"अन् सर्जा कसा हाय?"



"बरा हाय," ते म्हणाले.

बहीण चहा टाकायला आत गेली. पुठ्ठ्यावरचा त्यांचा हात तसाच होता, आणि त्याच्याखाली राणी आनंदाने शेपूट हलवत होती.