गाडीत ठेवलेलं प्रस्थान

पहिली जर्मन लढाई संपून दोन वर्षं झाली त्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या साडूंनी विलायतेच्या प्रवासाचं प्रस्थान ठेवलं. ते गेले नाहीत. त्यानंतर गोंदियातल्या घरी राहून त्यांनी जेवढा प्रवास केला, तेवढा आमच्या सबंध मुलुखात दुसऱ्या कोणी केला नसेल. मी तेव्हा नागपूरच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होतो. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं काही मी पाहिलं, काही त्यांच्या घरच्यांकडून आणि गावातल्या लोकांकडून ऐकलं. काय पाहिलं आणि काय ऐकलं, ते त्या त्या जागी सांगतो.

प्रस्थानाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुहूर्त आजचा असतो आणि निघणं आज जमत नाही. तेव्हा उपरण्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून ते गाठोडं मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस घरी असला तरी प्रवास सुरू झाला असं धरतात. मग थोड्याच दिवसांत ते गाठोडं उचलून तिथूनच पुढे जायचं. साडू एका धान गिरणीत भागीदार होते आणि नव्या यंत्रासाठी जर्मनीला जाणार होते. आगबोटीने फ्रान्सचं मार्सेय बंदर, तिथून रेल्वेने पुढे. कुठल्या गाडीची, कुठल्या वर्गाची, कुठल्या खिडकीची तिकिटं घ्यावीत याचा त्यांनी सबंध पावसाळाभर विचार केला होता. प्रस्थानाच्या दिवशी त्यांना वाटलं, शेजाऱ्याच्या घरी गाठोडं ठेवण्यात काय हशील? घर जागचं हलत नाही. त्यांनी ते मुंबईच्या मेलमध्ये, दुसऱ्या वर्गाच्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवलं. मुंबईच्या आडत्याने ते उतरवून घ्यायचं ठरलं होतं. त्याला ते मिळालं नाही. तेवढ्यात दुसऱ्या भागीदाराने यंत्र कलकत्त्यालाच घेतलं आणि जर्मनीचं कारण संपलं. गाठोडं मात्र पुढे गेलं होतं.

“प्रस्थान चालून राहिलं,” साडू म्हणाले, “मंग मी थांबलो कसा?”

त्या दिवसापासून ते प्रवासात होते. ओसरीवर खिडकीला लावून एक लाकडी बाक होता, त्यावर ते बसत. जेवण डब्यातून घेत, पाटावर बसत नसत. पायातले जोडे झोपतानाच काढत. खिशातलं घड्याळ इथल्या वेळेला कधीच लागलेलं नसे, आणि ते कुठल्या गावच्या वेळेला लागलं आहे हे विचारलं तर ते खिडकीबाहेर बघून सांगत. नगरपालिकेचा माणूस घरपट्टीला आला की स्वतःच दारात जाऊन सांगत, “मालक बाहेरगावी गेले आहेत.” तो माणूस “बरं जी” म्हणून परत जाई. बोलता बोलता ते एका बाजूला झुकत, मग हळूहळू सरळ होत. गाडी वळणावर आली की माणूस झुकतो तसे. हे मी स्वतः पाहिलं आहे. भर दुपारी, उघड्या ओसरीवर, ते मधेच बोलणं थांबवून हात पुढे करून चाचपडत आणि काही वेळाने डोळे किलकिले करून म्हणत, “निघालो.” बोगदा होता, असं ते सांगत. त्यांची एकुलती एक मुलगी याच काळात जन्मली. त्यावर गावात कोणी काही बोललं तर माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, एवढंच म्हणे, “गाडी थांबते ना जी मधात मधात.”

तालुक्यातून कोणी परदेशी निघाला की तो आधी त्यांच्याकडे येई. ते तिकिटाच्या गोष्टी तिकिटापासून सुरू करत नसत. झोपेत बोलता का, कोणत्या कुशीवर निजता, घरातलं कोणी पाण्यात बुडून गेलं आहे का, असं विचारत. मग वर्ग सांगत. एका वकिलाचा मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला होता. बापाने त्याला पहिल्या वर्गाचे पैसे दिले होते. साडूंनी मान हलवली.

“पहिल्या वर्गात एकट्यानं बसा लागते. एकट्या माणसाच्या बाजूनं कोन येऊन बसंल, सांगता येत नाही. तिसऱ्यात गर्दी राहते. तिथं ते येत नाही.”

“ते म्हणजे कोण?” मुलाने विचारलं.

“ते म्हणजे ते. आनि निजायच्या डब्यात खालची फळी घेऊ नको. बाहेरून जानारं सारं कानाजवळून जाते.”

मुलाने तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढलं आणि लाकडी बाकांनी पाठ धरली म्हणून पत्रातून वर्षभर शिव्या घातल्या. पण वर्ग बदलला नाही.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरांची हकिगत त्यांनी मला दवाखान्यात बसून सांगितली. साडूंनी त्यांना सांगितलं होतं की मार्सेयहून उत्तरेकडे जाताना दुसरा वर्ग आणि डाव्या हाताची खिडकी घ्या, त्या बाजूला नदी आहे. डॉक्टर हट्टी होते. त्यांनी उजव्या हाताची जागा घेतली. डब्यात ते एकटेच होते. थोड्या वेळाने तिकीट तपासणारा आला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला की समोरच्या गृहस्थांची तक्रार आहे, तुम्ही चुकीच्या जागेवर बसला आहात. डॉक्टरांनी समोर पाहिलं. समोर कोणी नव्हतं. गादी मात्र मधोमध दबलेली होती, आणि ती हळूहळू वर आली. डॉक्टर मुकाट्याने डावीकडे जाऊन बसले. नदी दिसली, असं ते म्हणाले. परत आल्यावर त्यांनी हे साडूंच्या ओसरीवर सांगितलं तेव्हा मी हजर होतो. साडूंना नवल वाटलं नाही. ते चिडले होते.

“सांगितलं तर होतं डावी घ्या म्हनून. कायले ऐकत नाही तुमी लोक? मले दोनदा उठा लागलं.”

दुसरी लढाई लागण्याआधीच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. मुलगा बालाघाटचा, चांगल्या घरातला. मुहूर्त निघाला, मांडव उभा राहिला आणि पंडितजींनी हात वर केले.

“जजमान का प्रस्थान बाहर है। जजमान घर में ही नहीं, तो कन्यादान कौन करेगा?”

तोडगा सगळ्यांना ठाऊक होता: काकाच्या हातून कन्यादान करायचं. साडूंचीही त्याला हरकत नव्हती. “मी गावी नाही,” ते म्हणाले, “भाऊ करंल.” मुलगी मात्र ओसरीवर येऊन त्यांच्या बाकासमोर उभी राहिली. लहानपणापासून ती बापाला रोज पाहत आली होती आणि रोज त्याच्या तोंडून ऐकत आली होती की तो इथे नाही.

“बाबा, तुमी गावी नाही?”

“नाही.”

“मंग आता माह्याशी कोन बोलून राहिला?”

साडू खिडकीबाहेर बघू लागले.

“माहा बाप जिता आहे,” ती म्हणाली. “काकाच्या हातानं मी जात नाही. तुमी नाही उतरले, त मी बी मांडवात नाही बसत. जाऊ द्या परत वऱ्हाड.”

ताई आत रडत होती. अर्धी वऱ्हाडी मंडळी बालाघाटहून निघाली होती. पंडितजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले की जो प्रवासात आहे तो गाडीतून उतरून घरी आला, आणि घरच्यांनी त्याला स्टेशनवर घेतलं, तर प्रवास संपला असं धरता येईल. गाठोडं नाही तर नाही. मुलीने तेवढ्यावर बापाचा हात धरला. पहाटे दोघं बैलगाडीने जवळच्या आमगावला गेली, तिथून रेल्वेने गोंदियाला यायचं ठरवून.

आमगावचं मला मुलीने सांगितलं, आणि पुढे तिथल्या स्टेशनवरच्या माणसांनीही तेच सांगितलं. पहिली गाडी आली. साडू डब्यांवरून नजर फिरवत फलाटावर चालत राहिले. पहिल्या वर्गात कोणी नव्हतं, म्हणून नको. दुसऱ्या वर्गाच्या एका डब्याच्या झडपा बंद होत्या. त्यांनी झडपेला कान लावला आणि मागे सरले. गाडी निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. स्टेशनमास्तर बाहेर आले आणि हसून म्हणाले, “सेठजी, गोंदिया जाना है कि लंदन?” साडूंनी गंभीरपणे उत्तर दिलं, “लंदन सोपं आहे, साहेब. घरी जायचा डबा कोनता, ते समजून नाही राहिलं.” मुलगी तेव्हा फलाटावर रडली. तिसरी गाडी आली तेव्हा तिने विचारलं नाही. तिसऱ्या वर्गाचा एक डबा उघडला, बाजाराला निघालेल्या बायकांना सरकायला लावलं आणि म्हणाली, “इथं. माह्या बाजूनं.” ते बसले.

गाडी सुटली. डबा भरलेला होता. टोपल्या, कोंबड्या, वैशाखातलं ऊन. मुलगी सांगते की थोडं पुढे गेल्यावर डब्यात अंधार झाला. पूर्ण अंधार, आणि चाकांचा आवाज भिंतींवर आपटून परत यावा तसा. बायका गप्प झाल्या, कोंबड्याही. खिडकीतून थंड वारा आला आणि ओल्या लोकरीचा वास आला. तिने बापाचा हात चाचपडून धरला. तो बर्फासारखा गार होता आणि कोणीतरी तो दुसऱ्या बाजूने ओढत होतं, जोर न करता, निघायची वेळ झाल्यावर ओढावा तसा. ती म्हणाली, “सोडा जी, आमच्या घरी लग्न आहे.” मग उजेड झाला. त्याच डब्यातल्या दोन बायकांना मी नंतर शोधून विचारलं. अंधार झाला हे दोघींनीही सांगितलं. हाताचं त्यांना ठाऊक नव्हतं. आमगाव ते गोंदिया लाइनीवर बोगदा नाही. सगळी धानाची सपाट शेतं, बांध्या आहेत. बोगदा आहे तो आमगावच्या पलीकडे, दरेकसाच्या डोंगरात. हे मी रेल्वेच्या लोकांकडून पडताळून घेतलं.

गोंदियाच्या फलाटावर मी ताईबरोबर उभा होतो. दोघं उतरली, हे मी पाहिलं. साडूंच्या कोटाच्या खांद्यांवर पाण्याचे थेंब होते. ताईने भाकरीचा तुकडा त्यांच्यावरून ओवाळून टाकला आणि पायांवर पाणी घातलं. “आले का जी?” तिने विचारलं. त्यांनी स्टेशन नीट पाहून घेतलं, पाटीवरचं गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, “आलो.”

कन्यादान त्यांनीच केलं. पाटावर बसले, जोडे काढून. मुलीच्या ओंजळीखाली हात धरला. ते कुठल्याही बाजूला झुकले नाहीत.  जेवणाच्या पंगतीत लोक साडूंकडे हळूच बघत, आणि त्यांनी बघितलं की पानात बघत.

दुसऱ्या दिवशी मुलगी सासरी निघाली. बालाघाटची छोटी लाइन वेगळ्या फलाटावरून सुटते. साडू पोचवायला आले. गाडीत चढण्याआधी तिने विचारलं, “बाबा, कोन्या बाजूनं बसू?”

त्यांनी डबा पाहिला. खिडक्या पाहिल्या. तिच्या नवऱ्याकडे पाहिलं.

“कुठंबी बस, बेटा,” ते म्हणाले. “पोचतेस.”

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग आमच्याबरोबर चालत घरी आले. दुपारी जेवून झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी ताईला विचारलं, पोरगी पोचली असेल का? ताई म्हणाली, पोचली असेल. त्यांनी आणखी एकदा विचारलं; आता ते इथेच होते, तिकडचं त्यांना दिसत नव्हतं. दोन दिवसांनी बालाघाटकडचा एक व्यापारी तांदूळ न्यायला गिरणीवर आला. व्याह्यांच्या घरावरून आलो, पोरगी सुखरूप पोचली आहे, असं त्याने साडूंना सांगितलं.