वहिनीचं बुटकं स्प्रूस

एका सकाळी मीराचा फोन आला. मीरा माझ्या भावाची मुलगी, जर्मनीतच वाढलेली. मराठी समजतं, पण बोलते जर्मन. "आत्या, मामा इस्ट टोट." क्षणभर माझ्या मराठी कानांना वाटलं, कुणाचा तरी मामा गेला... मग उमगलं. तिच्या भाषेत मामा म्हणजे आई. माझी अनघावहिनी. कामावर असतानाच मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दादा नेकारसुल्मला इंजिनिअर. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन नुसतं ओतलेलं असायचं. तिथे वहिनीने कुंडीत बुटकं स्प्रूस लावलं, गुडघ्याएवढं. थंड प्रदेशातलं, सुईसारख्या पानांचं झाड ते. कुंडी तापली की त्याची मुळं भाजतात. म्हणून तिने ती कुंडी एका मोठ्या पांढऱ्या कुंडीत ठेवली, मधल्या जागेत लाकडाच्या सालीचा चुरा भरला, दुपारी जुन्या साडीची सावली केली. पहाटे भरपूर पाणी. बशीत मात्र ते साचू द्यायचं नाही. "इतकं कसं गं कळतं तुला?" मी एकदा विचारलं. "तासन्‌तास त्याच्या शेजारी उभी असते ना," ती म्हणाली. मी हसले होते.

सहा वर्षांपूर्वीच्या जुलैत मी हायडेलबर्गच्या माझ्या घरून न कळवता त्यांच्याकडे गेले. रस्त्यावरून वर पाहिलं, तर भर उन्हात वहिनी बाल्कनीत उभी, चेहरा लालभडक. दादाने दार उघडलं. "आलीस? चहा टाकतो." भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने तिला बाहेर काढून बाल्कनीचं दार आतून लावलं होतं. मी धावत जाऊन ते उघडलं. वहिनीचे ओठ फुटले होते. "झारीत थोडं पाणी होतं," ती म्हणाली, "अर्धं मी प्यायले, अर्धं झाडाला घातलं."

ते ऐकून दादा पिसाळला. त्याने झाडासकट कुंडी उचलली आणि तिच्यावर फेकली. तिने हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग केस धरून त्याने तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. परत एकदा. मी मध्ये पडले, तर मला भिंतीवर ढकललं आणि खुर्चीत बसून धापा टाकू लागला. माझ्या हातात फोन होता, पण बोटं हलेनात... दादा होता माझा. त्यानेच मला इथे शिकायला आणलं होतं. दहा मिनिटं तशीच गेली. कपाळावरून रक्त ओघळत असताना वहिनी म्हणाली, "तू करतेस, की मी करू?"

मी पोलिसांना फोन केला. त्याच दिवशी त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. पुढे कोर्टात मी साक्ष दिली. कुंडी फेकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून वहिनी मला बजावत होती, "मुळांची माती झाडू नकोस हं, तशीच लाव." झाड जगलं, एक बाजू करपली ती कायमची. वहिनी सहा वर्षं तिथेच राहिली, नोकरी केली, खळखळून हसायला लागली.

अंत्यसंस्कारानंतर दादाचा फोन आला. "तुझ्या एका फोनने माझं घर मोडलं."

"तो फोन मी उशिरा केला, दादा," एवढं बोलून मी ठेवून दिला.

मागच्या आठवड्यात मीराकडे, त्याच घरी गेले. उष्णतेची लाट होती. ऊन आत येऊ नये म्हणून सगळ्या घरांच्या खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरून गुंडाळायचे पडदे, खाली ओढलेले. फक्त वहिनीच्या बाल्कनीचं दार सताड उघडं. दादाने कोंडलं त्या दिवसानंतर वहिनीने उन्हाळ्यात ते कधी लावू दिलं नाही. मीरा त्यावरून कुरकुरायची. आत गरम वाफ शिरत होती. आम्ही दोघी घामाघूम होऊन बसून राहिलो... दार लावायला कुणीच उठलं नाही.