चौथीची जागा

या, अशा जवळ या. परक्यासारखं त्या टोकाला काहून बसलात? माझ्या शेजारणीनं बघितलं असतं, तर हाताला धरून ओढलं असतं तुम्हाला. "सरका की गं, होतीय जागा," म्हणत.

आम्ही दोघी चौसाळ्याहून बीडच्या बाजाराला भाजी घेऊन जायचो, काळीपिवळी जीपनं. बाकावर तिघी आधीच दाटून बसलेल्या. तरी रस्त्यात कुणी हात केला की ही पाटी मांडीवर घ्यायची, स्वतः अर्धवट टेकायची आणि चौथीला बसवायची. माझं हाड मोडतंय म्हटलं, तर म्हणायची, "मोडू दे. उन्हात उभी हाय ती."

मग तिचं विसरणं सुरू झालं. चुलीवर दूध ठेवून निघून जायची. दोनदा हायवेवर सापडली, जाणाऱ्या गाड्यांना हात करत. एकुलता लेक बंगळुरूला नोकरीला. तो न्यायला आला. बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? घरी तिला बघायला कुणी नाही. पण ही माझ्याशिवाय उंबरा ओलांडेना. "मावशी, तुमीच चला पोचवायला," तो म्हणाला. परतीचं तिकीट तेवढं माझं एकटीचं काढलं.

विमानात तो खिडकीशी, ही मधे, मी कडेला. पाणी वाटणारी पोरगी आमच्यापाशी थांबली. झालं. हिनं लेकाला कोपरानं खिडकीकडं रेटलं, माझ्या मांडीवर थाप मारली आणि दोन खुर्च्यांमधली दांडी उचलायला लागली.

"टेक गं लेकी. कवाची उभी हायेस."

सगळे हसले. मीही हसले. ती पोरगी हिच्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेली.

 मग ही ढग बघत राहिली. बीड आलं का, विचारलं. न्हाई अजून, म्हटलं.

"बाजार उरकला की लगेच फिरू. येताना माझी जागा धर."

मी तिच्या लेकाकडं बघितलं. तो काचेला कपाळ टेकून बसला होता. आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं होतं मी? कमरेला पट्टा, खाली ढग. मी नुसतं "हूं" म्हणाले आणि तिचा हात धरून बसले.

परतताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी मी आकसूनच बसले, सवयीनं.

आता कधीमधी लेक फोन तिच्या कानाला लावून देतो. कोण बाई, म्हणून विचारते. मी नाव सांगते, गाव सांगते. तिला काही आठवत नाही. मग म्हणते, "उभी काहून? ये, बस. मी सरकते."

तुम्हीही या पुन्हा, लई दिवस लावू नका. आणि आलात की असं टोकाला बसू नका.