हार्मने पाणथळ का आटवली

दर दोन-तीन वर्षांनी शिकागोहून माझी चुलतबहीण एल्ला येते. तिला पूर्वज शोधायचं वेड आहे आणि ती मला भंडावून सोडते. तिच्या लेखी आमचे पणजोबा हार्म म्हणजे मोठे कर्तबगार गृहस्थ: आयोवातली बेडकांची पाणथळ आटवून त्यांनी पंचक्रोशीतलं सगळ्यात कसदार रान उभं केलं. मी मान डोलावतो. रान कसदार आहे, मीही त्यावरच जगतो. पण हार्मने पाणथळ आटवली ती रानासाठी नव्हे.

हार्म आणि त्याची बायको गेशे जर्मनीच्या फ्रिसिया किनाऱ्यावरून आले. तिकडं समुद्र बांधाबाहेर ठेवून माणसं शेती करतात. पाण्याला काय भ्यायचं, असं म्हणत कुणी घेत नव्हतं ते दलदलीचं रान त्याने हसत हसत घेतलं. तिथंच तो चुकला. तिकडच्या पाण्याला तळ होता, इथल्या चिखलाला नव्हता.

१८८१च्या ऑक्टोबरात त्यांची धाकटी त्रिंत्ये, पाच वर्षांची, पाणथळीकडं गाय आणायला गेली. संध्याकाळी गाय गळ्यातली घंटा वाजवत एकटीच परत आली. गावातल्या पुरुषांनी हातात हात धरून डोक्याएवढा लव्हाळा तुडवला. चिखलात माणूस कमरेपर्यंत रुतायचा, त्यापुढं कुणी गेलं नाही. शेवटी पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली आणि लोक आपापल्या मक्याकडं वळले.

त्या दिवशी गेशे हार्मला म्हणाली, "तिला ओलीत ठेवू नकोस. मला ती कोरड्यात पाहिजे, माझ्याजवळ."

हार्मने कुदळ उचलली. पाणी काढायचं तर चर खालून, ओढ्यापासून खणत वर आणावा लागतो. त्यात भाजलेल्या मातीच्या नळ्या बसवायच्या. पाणथळीच्या काठाला पोचायलाच पहिलं वर्ष गेलं. पुढं मात्र तो प्रत्येक फावडं माती बोटांनी कुस्करून मगच बाजूला टाकायचा. दुपारी गेशे चहाची किटली, खडीसाखर आणि साय घेऊन चरापाशी यायची. कप हातात देताना विचारायची, "आज?"

"नाही."

एवढंच बोलणं, वर्षानुवर्षं.

शेजारचा टिलसन कुंपणावर रेलून बघत बसायचा. आधी थट्टा केली: "हार्म, तिकडं समुद्र हटवलात, आता इथला चिखल तरी बेडकांना राहू द्या की." मग दुकानात चारचौघांत म्हणाला, "पोर गेली तिथंच मका लावणार हा. माणसाला हाव असावी, पण किती?" हार्म तिथंच खिळे घेत उभा होता. खिळे घेऊन घरी आला. टिलसनची नातवंडं भली माणसं आहेत, अडीनडीला धावून येतात, तरी त्या म्हाताऱ्याचा मला अजून राग येतो.

पाणी उतरलं, लव्हाळा वाळला, जमीन तडकली. त्रिंत्ये सापडली नाही. हार्म नांगर घालायला धजेना. तेव्हा गेशेच म्हणाली, "घाल. त्याशिवाय खालचं वर येणार नाही." नांगरामागून ती अनवाणी चालली. काही पांढरं दिसलं की वाकायची. कासवांच्या पाठी निघाल्या, हरणांची हाडं निघाली. पुढं तिथं मका असा माजला की टिलसनसुद्धा गप्प झाला. त्या मक्यावर पोसलेल्या डुकराचं मांस गेशेने कधी तोंडात घातलं नाही.

एका मार्चमध्ये तिच्या छातीत कफ भरला. माझे आजोबा फोल्कर्ट, म्हणजे त्रिंत्येचे थोरले भाऊ, तेव्हा कर्ते झाले होते आणि उशाशी बसले होते. त्यांनीच हे मला सांगितलं. हार्म गोठ्यातून आला, तशी तिने डोळे उघडले. "आज?"

घोडा विकताना आधी त्याची खोड सांगणारा माणूस तो.

"मिळाली, गेशे."

"कुठंय?"

"तुझ्याशेजारी ठेवतो. कोरड्यात."

ती दुसऱ्या दिवशी गेली. बापलेकांनी एक मोठी पेटी केली, एक लहान. लहान पेटीत भरायला हार्मने पाणथळीतली काळी माती आणली. मार्चची माती, ओलीचिंब. ती त्याने गेशेच्या चुलीवर, तिच्या पाव भाजायच्या भांड्यांत, थोडी थोडी करून वाळवली. सगळी वाळेपर्यंत त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

वसंतात त्या रानात नांगर चालवताना फाळामागं काही पांढरं दिसलं की मी ट्रॅक्टर थांबवून उतरतो. आजोबा घोडे थांबवून उतरायचे, बापही उतरायचा. आजवर दगड निघाले आणि फुटक्या नळ्या.

यंदा एल्लाने दोन्ही थडग्यांवर फुलं ठेवली. लहान दगडावरचं नाव वाचून म्हणाली, "बिचारी. पण निदान सापडली तरी रे."

"हो," मी म्हटलं, "कोरड्यात आहे."