क्लच आणि बाबांचा गुडघा

सक्करदऱ्याचे गॅरेजवाले मिस्त्री बोलताना माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत. आधी मला तो उद्धटपणा वाटला होता.

बाबांचा डावा गुडघा नीट वाकत नाही, म्हणून त्यांनी जुनी, बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करून त्याच गाडीवर आमचं घर चालतं. तिचा गिअरबॉक्स गेला. तसाच दुसरा परवडणारा नव्हता, म्हणून मिस्त्रींनी भंगारातून हाताने बदलायच्या गिअरचा आणला. पण आता क्लच आला, आणि तो डाव्याच पायाने दाबायचा.

"जमून राहिलं का, भाऊ?" मिस्त्री विचारायचे.

"जमते ना," बाबा म्हणायचे. मिस्त्री गुडघ्याकडे पाहायचे आणि पेडल पुन्हा खोलायचे.

मी कॉलेजात जातो, म्हणून धीर करून मिस्त्रींना मोबाइलवर क्लच हलका करण्याचा एक व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"चांगला आहे गा. पण त्या व्हिडिओतल्या पोट्ट्याले तुह्या बाबाचा पाय कुठं माहीत आहे?"

क्लच हलका लागावा म्हणून त्यांनी पेडलचा दांडा तीनदा कापून, मध्ये तुकडा जोडून लांब केला. चौथ्या दिवशी आम्ही तिघं तलावाकडे चक्कर मारायला निघालो. मिस्त्री बाबांच्या शेजारी बसले होते.

"जमून राहिलं का, भाऊ?"

गिअर बदलता बदलता बाबा पुढच्या ऑटोवाल्यावर चिडले होते. "काहून मधातच थांबला गा? बाजूले घे ना."

मिस्त्रींनी गुडघ्यावरची नजर काढली आणि ते निवांत खिडकीबाहेर पाहू लागले.