टाकव्याच्या मिस्त्रीचा हेवा

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो आणि लोणावळ्यातल्या घराच्या मागच्या खोलीत मी जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करायला बसलो. बंगलेवाले माळ्यावर पडलेले सेट आणून देत. इथल्या दमट हवेत वायरीसुद्धा हिरव्या पडतात, त्यामुळे काम भरपूर. मुका सेट हळूहळू तापून बोलायला लागला की दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे. त्यातच लोक म्हणत, अख्ख्या मावळात हे तुम्हालाच जमतं. ते ऐकायची मला सवय लागली.

सोमाटण्याच्या एक निवृत्त शिक्षिका आपल्या वडिलांचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा रेकॉर्ड प्लेयर घेऊन आल्या होत्या. वडील कारखान्यात कामाला होते. त्यांनी जमवलेल्या भीमगीतांच्या रेकॉर्डी बाईंनी जपून ठेवल्या होत्या. तबकडी फिरवणारं रबरी चाक झिजून गुळगुळीत झालं होतं. तसलं चाक आता मिळत नाही, शोधतो, असं सांगून मी तो टेबलाखाली सरकवला. सहा महिने तो तिथंच राहिला. शेवटी बाई येऊन घेऊन गेल्या. रागावल्या नाहीत, पण परत येते असंही म्हणाल्या नाहीत.

महिन्याभरात बायकोने बातमी आणली. टाकवे बुद्रुकला एक मिस्त्री आहे, जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली, आता घरी बसून असली कामं करतो. बाईंची तबकडी त्याने फिरती केली. बायको सहज बोलली, पण मला जेवण गोड लागलं नाही. ज्याला व्हॉल्व्ह माहीत नाही, त्याने माझ्या टेबलाखालची वस्तू चालू करावी?

दोन दिवसांनी मी काहीतरी निमित्त काढून टाकव्याला गेलो. मिस्त्री माझ्याच वयाचा. ओसरीत पोत्यावर बसून काम करत होता. माझं नाव तो ऐकून होता. त्याने चहा सांगितला आणि बाईंचा प्लेयर दाखवला. पाण्याच्या मोटारीतली रबरी कडी चाकावर बसवून त्याने ती कानशीने घासून गोल केली होती. तबकडी जराही न डगमगता फिरत होती. इतकं साधं मला सुचलं नव्हतं. मी त्या चाकावर बोट फिरवत राहिलो, कुठे खोट सापडते का बघत. सापडली नाही.

"भाऊ, तुमी आलात ते बरं झालं," तो म्हणाला. "माजं काम चाकापत्तुर. आवाजातलं मला लय कळत न्हाई. सारकी घरघर येती. बघता का जरा?"

त्याने सेट चालू केला. गाण्याच्या मागे जाड घरघर होती. घरघर अडवणारा फिल्टरचा कंडेन्सर सुकलाय, हे मला तेवढ्यात कळलं. अर्ध्या तासाचं काम. माझ्या पिशवीत तसला कंडेन्सर होतासुद्धा.

"ट्रान्सफॉर्मर गेलाय," मी म्हणालो. "आता मिळायचा नाही. बाईंना सांगा, शोभेला ठेवा."

त्याने मान हलवली. येताना मोटरसायकलवर मला हलकं वाटत होतं. आता त्याचंही काम अर्धवट राहणार होतं.

ते हलकेपण दोन दिवस टिकलं. मग बाजारात बाई भेटल्या. मिस्त्रींनी थोडं थांबायला सांगितलंय, म्हणाल्या, आणि वडिलांच्या आवडीचं एक गाणं किती वर्षांत ऐकलं नाही ते सांगत बसल्या. मी घड्याळाकडे बघत घाईने निघालो. त्या दिवशी हातात घेतलेलं एकही काम नीट झालं नाही. संध्याकाळी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. तिने एवढंच विचारलं, "मग उद्या किती वाजता निघताय?"

प्लेयर ओसरीत तसाच होता, वर धुतलेलं फडकं टाकलेलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, मी खोटं बोललो.

"व्हय," तो म्हणाला. "मला वाटलंच व्हतं. हात लावून बघितला मी. जळालेला असता तर तापला असता, वास मारला असता."

"मग बाईंना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमी एवढे जानकार. म्हनलं, येतील परत."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. आतापर्यंत मला त्याच्या हाताचा हेवा वाटत होता, आता त्याच्या स्वभावाचाही वाटू लागला. मी खाली बसलो आणि नवा कंडेन्सर लावून कथलाचा डाग द्यायला घेतला. तो माझ्यासाठी बॅटरीचा उजेड धरून होता. घरघर गेली. त्याने कान पुढे केला आणि लहान मुलासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्लेयर घेऊन सोमाटण्याला गेलो. बाईंनी रेकॉर्ड लावली, एक बाजू संपेपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मग डोळे पुसून मिस्त्रीचे हात हातात घेतले. त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की आवाज ह्यांनी आणला. बाईंनी मलाही नमस्कार केला.

आता बुधवारी मी टाकव्याला जातो. चाकं, पट्टे, मोटारी त्याच्या; व्हॉल्व्ह आणि वायरी माझ्या. कामं पटापट होतात आणि ओसरीतला चहा मला आवडतो. तरी कुणी आलं आणि आधी त्यालाच विचारू लागलं, की माझ्या हातातला स्क्रू हमखास खाली पडतो. तो मुकाट्याने शोधून देतो.